मागच्या सीटची उंची

लोमानांच्या घरी पाहुण्याला सगळं विचारतात. दूध चालतं का, अंडं किती उकडलेलं लागतं, उशी एक की दोन, खिडकी उघडी टाकून झोपता की लावून. पाहुण्याची गैरसोय झाली तर घराची शोभा होते, एवढंच त्यामागे असतं. सायकल येते का, हे मात्र त्या घरात आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मुन्स्टरच्या बाजूच्या त्या सपाट मुलखात हा प्रश्न म्हणजे एखाद्या धडधाकट माणसाला जिना उतरता येतो का, असं विचारण्यासारखं आहे. चांगली माणसं असं विचारत नाहीत.

म्हणून मुलगी रीके पेंटेकॉस्टच्या, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या, सुटीला आपल्या मित्राला घेऊन येणार म्हटल्यावर लुडगर लोमानने फोनवर फक्त कामाचं विचारलं.

"उंची किती त्याची?"

"एक मीटर ब्याण्णव. का रे, बाबा?"

"उंचीवरून काही कळत नाही. पायाची आतून लांबी पाहिजे. भिंतीला टेकून उभं राहायला सांग. दोन पायांच्या मध्ये जाडसं पुस्तक धरायचं, जाईल तितकं वर ओढायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचं."

तिकडे कुजबूज झाली, खुर्ची सरकली, मग कुणीतरी कळवळल्याचा आवाज आला.

"एक्याण्णव," रीके म्हणाली.

"एक्याण्णव!" लुडगर म्हणाला. मुलीच्या निवडीला त्याने दिलेली ती पहिली दाद. सबंध संध्याकाळ तो मधूनच मान हलवत होता.

लुडगरची उभी हयात वाहनतपासणीच्या नोकरीत गेली होती. लोकांच्या मोटारींखाली शिरायचं, दिवा मारायचा आणि बाहेर येऊन दोष सांगायचे. निवृत्त झाल्यावर मोटारी गेल्या, दिवा आणि सवय राहिली. शनिवारी दुपारी त्याने तीन सायकली अंगणात उलट्या करून ठेवल्या आणि ब्रेक, चेन, दिवे, घंटी असं एकेक तपासत तो खूश होता. पाहुण्यासाठी गावातल्या सर्वांत उंच माणसाची, म्हणजे अग्निशमन दलाच्या प्रमुखाची, सायकल मागून आणली होती. तिची सीट त्याने एक्याण्णवच्या हिशेबाने लावली आणि दोनदा मोजली.

पण त्याचा जीव सायकलींत नव्हता, रीकेत होता. तिची आई मेख्टिल्ड दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. मागे राहिली ती गॅरेजच्या छताला दोर-कप्प्यांनी टांगलेली हिरवी जोडसायकल. दोन हँडलं, दोन सीटा, पुढे लुडगर, मागे मेख्टिल्ड. दर पेंटेकॉस्टच्या सोमवारी दोघं त्यावर बसून कालव्यापलीकडच्या केकच्या कॅफेपर्यंत जायची आणि रीके आपल्या सायकलीवर मागेपुढे. अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात रीके म्हणाली, "बाबा, कुणालातरी देऊन टाक ती. अशी लटकलेली बघवत नाही." त्यावर लुडगर म्हणाला, "तुला कुठे रोज बघायची असते?" वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच. रीके कासेलला परत गेली. तेव्हापासून दर रविवारी फोन यायचा आणि दोघं हवामानावर बोलायची. मागच्या वर्षी पेंटेकॉस्टला तिला काम निघालं. या वर्षी तिने आपण होऊन म्हटलं, येतो आम्ही, फेरी करू. ही फेरी नीट पार पडली तर ती पुढच्या वर्षीही येईल, बिनसली तर रविवारचं हवामान तेवढं उरेल, हे लुडगरला स्वच्छ कळत होतं. म्हणूनच तो दोनदा मोजत होता.

पाहुण्याचं नाव गुराम. मूळचा जॉर्जियातल्या डोंगरांतला. कासेलच्या इस्पितळात शस्त्रक्रियेआधी माणसांना भूल देण्याचं काम करतो. माणूस शांत, आवाज खोल, आणि शनिवारी रात्री त्याने लुडगरच्या बटाट्याच्या सॅलडची तिसरी वाढ मागून घेतली. लुडगरने मनातल्या मनात त्याला तपासणीत पास केला होता.

सोमवारी सकाळी नाश्ता झाल्यावर सगळी अंगणात जमली. हेडविग मावशी आधीच येऊन थांबली होती. ही मेख्टिल्डची थोरली बहीण, ऐंशीला आलेली, बॅटरीच्या सायकलीवर. बॅटरीची सायकल म्हणजे फसवाफसवी असं लुडगरचं मत होतं आणि ते त्याने तिला बऱ्याचदा ऐकवलं होतं. पण दर वेळी ती पुढे आणि तो मागे असल्यामुळे ते तिला नीट ऐकू गेलं नसावं.

"निघायचं का?" हेडविग म्हणाली. "की अजून कुणाची घंटी वाजवून बघायची राहिलीय?"

गुराम अग्निशमन प्रमुखाच्या सायकलीशेजारी उभा होता. अनोळखी घोड्याशेजारी उभं राहावं तसा, जरा अंतर राखून.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी आलोच."

तिघं निघाली. कोपऱ्यावरच्या क्रूसापाशी थांबली. थोड्या वेळाने गुराम आला, चालत, सायकल हाताने ढकलत. लुडगरच्या कपाळाला आठी पडली. आपण तपासलेल्या सायकलीत दोष निघावा आणि तोही आज! तो उतरला, गुडघ्यावर बसला, चेन पाहिली, पॅडल फिरवलं, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले.

"हिच्यात काही दोष नाही," तो उठत म्हणाला.

"नाही," गुराम म्हणाला. "दोष माझ्यात आहे. मला सायकल येत नाही."

गव्हाच्या शेतावर कुठेतरी चंडोल गात होता.

"येत नाही म्हणजे?" रीके म्हणाली. "तुला सायकल येत नाही?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"दोन वर्षं! दोन वर्षं आपण एका घरात राहतोय!"

"कासेलला चढ आहेत. आपण ट्रामने जातो."

"आणि पायाची लांबी दिलीस ती? पुस्तक धरून उभा राहिलास तो?"

"ती विचारली होती ना," गुराम म्हणाला. "आणि तुझे बाबा एवढे खूश झाले. नंतर सांगायचा धीर झाला नाही. मला वाटलं, आल्यावर काहीतरी मार्ग निघेल."

"पण येत नाही कशी?" हेडविगला खरंच कळत नव्हतं. "लहानपणी काय करत होतात तुम्ही?"

"आमच्या गावात रस्ता एकतर वर जातो, नाहीतर खाली जातो. वर जाताना सायकल माणसावर बसते. खाली जाताना एकदाच जाता येतं."

लुडगरने अग्निशमन प्रमुखाच्या सायकलीचं स्टँड लावलं. सगळं विचारून घेतलं, उशीसुद्धा विचारली, आणि हेच राहिलं. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांतले दोष शोधले, त्याला अंगणात उभा असलेला एक मीटर ब्याण्णवचा दोष दिसला नाही.

शिकवून पाहायचं ठरलं. लुडगरने मागून कॅरिअर धरलं, रीके बाजूने पळाली, हेडविगने सूचना केल्या. गुराम थोडं अंतर सरळ गेला, मग शेजाऱ्याच्या कुंपणात गेला. त्या कुंपणाची छाटणी शेजाऱ्याने शनिवारीच केली होती, तीही दोरी लावून. शेजारी खिडकीत आला, भोक पाहिलं, हात उंचावून "सणाच्या शुभेच्छा" म्हणाला आणि आत गेला. आता आठवडाभर तो हेच सांगत फिरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रीकेने गुरामच्या केसांतली पानं काढली. "असं करू," ती म्हणाली, "बाबा, तू आणि मावशी जा सायकलीने. आम्ही गाडीने येतो कॅफेत. केक खाऊ. तिथून मग आम्ही तसेच परस्पर निघतो कासेलला."

परस्पर. लुडगरला तेवढा एकच शब्द ऐकू आला. ती चिडली नव्हती, हेच वाईट होतं. चिडली असती तर मागून समजूत काढता आली असती. ती नुसती आवराआवर करत होती, इस्पितळातून आईचे कपडे आणताना केली होती तशी.

तो वळला आणि घराकडे चालू लागला.

"आता कुठे चाललास?" हेडविग ओरडली.

"गॅरेजात."

तिघं मागून आली तेव्हा तो कप्प्यांवरचे दोर सोडत होता. हिरवी जोडसायकल हळूहळू खाली उतरली. रीकेला वाटलं होतं, धूळ असेल, जाळी असतील. चौकटीच्या नळ्या चकचकीत होत्या. तिने टायर दाबून पाहिला, टणक होता.

"तू हवा भरतोस हिच्यात?"

"भरावी लागते. नाहीतर रबराला चिरा जातात."

"कुणी बसत नसताना?"

"रबराला ते कळत नाही," लुडगर म्हणाला.

मागच्या सीटच्या खाली, दांड्यावर, निळ्या चिकटपट्टीचा एक वेढा होता. वीजवाले तारेवर लावतात तसली पट्टी. ती मेख्टिल्डची उंची. सायकल कधी धुतली, कधी दुरुस्तीला काढली, तरी सीट परत त्या पट्टीपर्यंत बसवायची, मग मेख्टिल्डची तक्रार नसायची. पट्टीची एक कड सुटली होती. ती त्याने अंगठ्याने दाबून बसवली. मग पाना घेतला आणि बराच वेळ नुसता धरून उभा राहिला.

बाकीची तिघं दारात उभी.

"नको, लोमानसाहेब," गुराम हळूच म्हणाला. "मी गाडीने येतो. खरंच."

"एक्याण्णव ना?" लुडगर म्हणाला. त्याने पाना लावला, एका हिसक्यात बोल्ट सैल केला आणि सीट वर ओढली. वर, आणखी वर. निळी पट्टी चौकटीपासून वीतभर उंच गेली आणि खाली कधी उजेड न पाहिलेला दांडा चमकू लागला. त्याने बोल्ट आवळला, सीट हलवून पाहिली, हलली नाही. "बसा," तो म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर त्याने नियम सांगितले. "पुढच्याने वळवायचं, पुढच्याने ब्रेक लावायचा. मागच्याने पॅडल मारायचं. मी झुकेन तिकडे झुकायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

"आणि मला भीती वाटली तर?"

"तुम्ही तुमच्या पेशंटला काय सांगता, भूल द्यायच्या आधी?"

"दहापासून उलटे आकडे मोजायला सांगतो."

"मग मोजा."

जोडसायकल निघाली ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि मागून खोल आवाज येऊ लागला. "दहा. नऊ. आठ." शून्य झाल्यावर पुन्हा दहा. गिरणीपाशी समोरून येणाऱ्या एका कुटुंबाने अदबीने बाजूला होऊन वाट दिली. शर्यतीची मोजणी असावी असं त्यांना वाटलं. हेडविग केव्हाच पुढे जाऊन ठिपका झाली होती. रीके शेजारून चालवत होती, आणि तिला हसू येत होतं. ते तिने तोंड वळवून शेतांवर घालवलं.

मक्याची रोपं बोटभर उंचीची झाली होती, जवसाच्या एका पट्ट्यावर निळं येऊ लागलं होतं, कुणीतरी सणाच्या दिवशी निगुतीने शेणखताचा टँकर फिरवून ठेवला होता. वारा पश्चिमेचा, तोंडावर. गुरामचे पाय लांब आणि दमदार निघाले. मोजणं थांबलं. सायकल आता चांगली पळत होती, आणि लुडगरला मात्र काहीतरी खटकत होतं. काय ते त्याला लवकर सापडेना. ब्रेक ठीक, चेन ठीक. मग सापडलं.

"काहीतरी बोला," तो मान न वळवता म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. मागचा माणूस बोलतो. या सायकलीवर तसंच आहे."

गुरामने विचार केला. "मला तुमची पाठ दिसते."

"आणखी?"

"आणखी काही दिसत नाही. पाठ मोठी आहे. सदऱ्याचं लेबल बाहेर आलंय."

मेख्टिल्ड असताना ते लेबल कधी बाहेर राहिलं नाही. निघाल्यावर पहिल्या वळणाच्या आत मागून एक हात यायचा, कॉलरमध्ये दोन बोटं घालून लेबल आत सारायचा आणि वर म्हणायचा, लहान आहेस का आता. दोन वर्षं त्याची लेबलं बाहेर असणार, सकाळच्या पावाच्या दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडे. कुणी बोललं नाही.

"आत घालू?" गुरामने विचारलं.

"हँडल सोडाल तुम्ही?"

"एक हात. दहापासून मोजतो."

"आठ" म्हणेपर्यंत दोन बोटं कॉलरमध्ये आली, लेबल आत गेलं. शेजारून रीके हे सगळं पाहत होती. हसू गेलं होतं. तिने पॅडल जोरात मारून सायकल पुढे काढली आणि कालव्यापर्यंत ती मागे वळली नाही.

कालव्याकाठच्या बाकावर डबे उघडले. उकडलेली अंडी, लोणी लावलेले पाव, थर्मासमधली कॉफी. हेडविगचं खाऊन झालं होतं आणि पाय ताणून ती उन्हाला बसली होती.

"आलात?" ती म्हणाली. "मला वाटलं, कासेलमार्गे येताय."

"बॅटरीवर बसून कुणीही येईल," लुडगर म्हणाला.

"कुणीही नाही रे. मीच आले."

रीके गुरामला घेऊन जवळच्या शेताच्या कडेला गेली. तिथे टेबलावर स्ट्रॉबेरीचे डबे आणि पैसे टाकायची पेटी ठेवलेली होती, माणूस कुणी नव्हतं. ती दोघं लांब गेल्यावर हेडविगने अंड्याचं टरफल कागदात गुंडाळलं आणि आवाज खाली आणला.

"लुडगर, काल ती माझ्याकडे आली होती. रडली."

"का?"

"का म्हणून काय विचारतोस? म्हणाली, मावशी, बाबा आईचं नावसुद्धा काढत नाही. घरात सगळं जसंच्या तसं आहे, आणि आईच तेवढी कुठे नाही. या वेळीही तसंच असलं तर मी पुन्हा नाही येणार, मला झेपत नाही, असं म्हणाली."

लुडगरने थर्मासचं झाकण फिरवलं, घट्ट झालं तरी फिरवत राहिला.

"मी काय बोलू?" तो म्हणाला. "तोंड उघडलं की चुकीचं येतं. मागच्या वेळी आलं तसं."

"मग चुकीचं बोल. पण बोल. तू मुका बसलास की समोरच्याला वाटतं, तपासणी चाललीय."

स्ट्रॉबेरी आल्या आणि विषय थांबला.

पुढे पूल होता. त्या मुलखात कालव्यावरच्या पुलाइतका चढ दुसरीकडे नाही, आणि चढ असला की उतार आलाच. चढ गुरामने एकट्याच्या जोरावर काढला म्हटलं तरी चालेल. माथ्यावर आल्यावर मात्र त्याने लुडगरच्या खांद्यावरून खाली पाहिलं. खाली सरळ रस्ता, टोकाला वळण, वळणापलीकडे बार्लीचं शेत. त्याच्या गावात असल्या ठिकाणी माणसं गाढवावरून उतरून गाढवाला धरून चालतात.

"पॅडल थांबवा," लुडगर म्हणाला, "नुसते बसा, मी ब्रेक लावतो—"

गुरामने दोन्ही पाय जमिनीला टेकवले. पाय लांब, एक्याण्णव, ते टेकले. सायकलीला ते मान्य नव्हतं. ती मागून फिरली, वळणावर वळली नाही आणि दोघांसकट बार्लीत शिरली. मऊ जमीन होती. दोघं शेजारी शेजारी उताणे पडले, वर आभाळ आणि कणसं.

रीके सायकल टाकून धावत आली. आधी तिने गुरामला पाहिलं, मग बाबाला, मग सायकलीला. पुढचा दिवा फुटला होता. मागच्या हँडलवरच्या घंटीला चांगलाच पोचा आला होता. ती घंटी आईची होती. पुढच्याला ब्रेक, मागच्याला घंटी, अशी त्या नवराबायकोची वाटणी होती, आणि मेख्टिल्ड आपला वाटा पुरेपूर वापरायची. रीकेच्या तोंडचं पाणी पळालं. आता बाबा तोंड मिटून घेणार, सायकल परत छताला टांगणार आणि दार लावणार, असं तिला वाटलं.

लुडगर उठला. गुडघा झाडला. सायकल उभी केली, चाक फिरवलं, ब्रेक दाबला. घंटी वाजवून पाहिली. पूर्वी खणखणायची, आता ठक्क झालं.

"वाजते," तो म्हणाला.

"माफ करा, लोमानसाहेब," गुराम म्हणाला. तो अजून बार्लीतच बसला होता. "मी डोकं चालवलं."

"पाय का टेकवलेस?"

"घाबरलो."

लुडगरने सायकल रस्त्यावर आणली. तो रीकेकडे पाहत नव्हता, घंटीकडे पाहत होता. आवाज नेहमीचा होता, तपासणीचा निकाल सांगतानाचा.

"तुझी आई इथेच उतरली होती," तो म्हणाला.

रीके जागच्या जागी थांबली. "काय?"

"लग्नाच्या वर्षी. नवीकोरी सायकल. पुलावर थांबलो, ती बूट बांधायला उतरली. मला वाटलं, बसली. मी निघालो. सायकल हलकी लागत होती, मला वाटलं, वारा मागून आहे."

"आणि?"

"आणि मी घराच्या कर्जाचं तिला समजावून सांगत चाललो होतो. पार त्या तिकडच्या उंच सफेद्याच्या झाडांपर्यंत. ती काही बोलत नव्हती." तो थांबला. "मला बरं वाटलं होतं. म्हटलं, आज पटतंय हिला."

हेडविग पुलाच्या कठड्याला धरून हसायला लागली. ही गोष्ट तिला बहिणीकडून केव्हाच कळली होती, पण या गाढव मेहुण्याने ती आपल्या तोंडाने सांगावी याची ती किती वर्षं वाट पाहत होती. गुरामही हसला. रीके हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"तू परत आल्यावर काय म्हणाली आई?"

"काही नाही. पुढे घरापर्यंत घंटी वाजवत राहिली."

"हे मला कधी सांगितलं नाहीस तू."

"सांगायला गेलो की..." लुडगर म्हणाला आणि त्याने घंटीवरची माती अंगठ्याने पुसली. "मला तिची फार आठवण येते, रीके. मी टायरात हवा भरतो ती म्हणून भरतो. रबराचं काही नाही त्यात."

रीकेने त्याला रस्त्याच्या मधोमध मिठी मारली. मागून दोन सायकलवाले येत होते. ते थांबले, घंटी न वाजवता उभे राहिले, आणि मिठी सुटल्यावर "शुभ दिवस" म्हणून पुढे गेले.

कॅफेत पोचायला उशीर झाला. आवळ्यासारख्या हिरव्या बोरांचा केक, मेख्टिल्डचा आवडता, संपला होता. रुबार्बच्या आंबट देठांचा उरला होता. राखून ठेवलेल्या टेबलावर आता कुणीतरी बसलं होतं आणि लुडगर त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. हेडविगने हे लक्षात ठेवलं. तिने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली होती आणि ती मात्र बोलून दाखवली.

"लुडगर, बार्लीतून बाहेर आल्यापासून तू याला 'तू' म्हणतोयस."

लुडगरने विचार केला. त्या मुलखात असं न ठरवता होत नाही. थोरल्याने आधी विचारायचं असतं, ग्लास उचलायचा असतो, आपलं पहिलं नाव सांगायचं असतं. त्याने कॉफीचा कप उचलला.

"लुडगर," तो गुरामला म्हणाला.

"गुराम," गुराम म्हणाला. कप कपाला लागले.

"हे तर आम्हाला माहीतच होतं," हेडविग म्हणाली आणि क्रीम मागवलं.

संध्याकाळी परत आल्यावर पाहुणा सोफ्यावर पाय लांब करून झोपला. त्याची भूल आज त्यालाच लागली होती. बाहेर अजून लख्ख उजेड होता. रीके बॅगा भरायला घेणार तेवढ्यात तिला गॅरेजमधून खुडबूड ऐकू आली. ती दारात जाऊन उभी राहिली. बाबा जोडसायकलीच्या मागच्या सीटपाशी वाकला होता, हातात पाना.

सीट आता खाली येणार, निळ्या पट्टीपर्यंत. साहजिक आहे, तिने मनाशी म्हटलं. एका दिवसासाठी वर घेतली, हेच खूप झालं.

लुडगरने बोल्ट घट्ट आहे का ते पाहिलं आणि पाना खाली ठेवला. मग खणातून पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं. दांडा फडक्याने पुसला. निळ्या पट्टीच्या खाली वीतभर अंतरावर, जिथे दांडा चौकटीत शिरतो तिथे, त्याने पिवळा वेढा दिला आणि अंगठ्याने दाबला.

"हे काय, बाबा?"

"खूण. दर वर्षी मोजत कोण बसणार?"

रीके आत आली. तिने निळी पट्टी पाहिली, पिवळी पाहिली. दोन्हींवरून एकदा बोट फिरवलं.

"दर वर्षी कशाला?" ती म्हणाली. "कासेलला गेल्यावर मी शिकवते त्याला सायकल. पार्कमध्ये, रोज थोडी थोडी. पुढच्या पेंटेकॉस्टला येईल तो आपल्या आपण चालवत."

लुडगरने रीळ खणात ठेवलं, खण लावला आणि पाना खुंटीला अडकवला.

"इतक्यात नको शिकवूस," तो म्हणाला.